फाट्यावरचं स्वस्त पेट्रोल

पिंपळदरा, ता. पाथर्डी
११ नोव्हेंबर १९७३

चि. गहिनीनाथास,

आशीर्वाद. आमी इथं बऱ्या हाव, म्हणजे मी आणि शेळी. खुशाली झाली, आता कामाचं.

शेजारचा कारभारी काल शेवगावच्या बाजारातनं आला. म्हणाला, गोजरबाई, तुमचा नातू दिसला. मी म्हणलं कुठं, तर म्हणे शेवगावच्या पलीकडं फाट्यावर नवा पेट्रोलपंप झालाय तिथं जीप लावून उभा हुता. मी म्हणलं, तो दुसरा कोणी असंल. माझा नातू माझ्याकडनं न्याहारी करून निघाला तो करंजीच्या घाटानं सरळ नगरला गेला. तर म्हणे जीप तीच, मालकाचं नाव मागं लिहिलेली, आणि तुमची भाकर पण मांडीवर सोडून बसला हुता.

आता तू मला सांग. मालकाच्या कामावरचं सामान पाथर्डीला टाकायचं, रात्री माझ्याकडं निजायचं आणि सकाळी नगरची वाट धरायची, एवढंच तुझं काम. नगर मावळतीला, शेवगाव वरल्या अंगाला. मानेमागनं हात नेऊन घास खायची तुला कोणी शिकवण दिली? मी तर दिलेली न्हाई.

खरं ते लिही. कार्डावर जागा संपली म्हणून थांबते, बोलणं संपलं म्हणून न्हाई.

गोजरबाई


सावेडी, अहमदनगर
२० नोव्हेंबर १९७३

ती. आजीस,

गहिनीनाथाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. मालकांच्या घरच्या पोरांनी ते आधी वाचलं आणि मला दोन दिवस 'मानेमागचा घास' म्हणून हाका मारल्या, ते असो.

आजे, कारभारीमामांनी पाहिलं ते खरं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मालक पेट्रोलचे पैसे महिन्यातून एकदाच हातात देतात. उरले तर माझे, कमी पडले तर पगारातून गेले. ह्या महिन्यात भाव एकदम चढला. तिकडे अरबांनी तेल अडवलंय असं पेपरात येतं. नगरला तर भाव विचारूच नकोस. फाट्यावरचा पंप नवा आहे, गिऱ्हाईक बसावं म्हणून तो लिटरमागे थोडं कमी घेतो. मी टाकी भरतो आणि एक डबाही भरून घेतो. वाट लांब पडते पण परवडतं. दिवाळीला तुला चष्मा आणला तो असाच आणला.

तू काळजी करू नकोस. थंडी पडली आहे, अंगणात निजत जाऊ नकोस.

तुझा,
गहिनीनाथ


पिंपळदरा
२९ नोव्हेंबर १९७३

चि. गहिनीस,

हे कार्ड न्हाई, बंद पत्र हाय. त्याला पैसे जास्त पडले ते तुझ्या खात्यावर मांडले. कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग तुझ्या मालकाची पोरं, आणि शेवटाला ज्याचं हाय तो. म्हणून बंद केलं.

तुझं पेट्रोल मी सगळ्या बाजूंनी तपासलं. कारभाऱ्याला विचारलं, त्याचा भाचा ट्रकवर असतो त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, आजी, जीप काय वाऱ्यावर चालते काय, जेवढं वाचवायला गेला तेवढं ती वाटेतच पिते, वर टायर झिजतं ते वेगळं. हे कळायला ट्रकवाला लागत न्हाई. स्वस्त मिरचीसाठी चार कोस गेलेली बाई येताना भूक लागली म्हणून भजी घेऊन खाते. मी अशा बाया बघितल्यात. त्यांच्या घरी मिरची पण नसती आणि पैसा पण नसतो.

तू येडा न्हाईस. सातवी पास झालास, मालकाचा हिशेब ठेवतोस. म्हणजे तुला हे कळत हुतं. कळत असून माणूस लांबनं जातो तो पेट्रोलासाठी जात न्हाई.

लहानपणी शेंगा चोरल्यास की असाच लांबलचक खुलासा द्यायचास. खरं असलं की एका शब्दात बोलायचास.

त्या फाट्यापासनं खडकवाडी किती लांब हाय, ते लिही. मला ठाऊक हाय, पण तुझ्या हातचं वाचायचं हाय. तुझी आई लंका त्या गावात दिली, हे मी तुला कधी बोलले न्हाई. कोण बोललं?

गोजरबाई


सावेडी
१२ डिसेंबर १९७३

ती. आजीस,

शि. सा. नमस्कार.

फाट्यापासून खडकवाडी बैलगाडीच्या वाटेने हाकेच्या अंतरावर आहे. पंपावर उभं राहिलं की तिथली चिंच दिसते.

कुणी एकानं सांगितलं नाही. वडील विहीर खणताना सुरुंगात गेले आणि आईचा दुसऱ्या घरी पाट लावून दिला, हे गावातल्या प्रत्येकानं मला कधी ना कधी ऐकवलंय. गावाचं नाव एका भांडणात कळलं. गेल्या दुष्काळात पाण्याचे टँकर कुठवर जातात ते बघायला मालकांनी मला तिकडे धाडलं, तेव्हा पाटीवर तेच नाव होतं. मी घर विचारून जीप उभी केली. दारात एक बाई बाजरी निवडत बसली होती. म्हणाली, "कोणाचा रे तू?" मी म्हणालो, "पिंपळदऱ्याच्या गोजरबाईचा." ती उठून आत गेली. पुष्कळ वेळानं तांब्या घेऊन बाहेर आली. पाणी दिलं आणि पुन्हा बाजरी निवडायला बसली. मी पाणी पिऊन निघून आलो.

पुढच्या खेपेला जेव म्हणाली. त्यानंतर जात राहिलो. सहादेवतात्या, म्हणजे तिचा नवरा, माणूस बरा आहे. मी आलो की शेताला निघून जातो, आम्हाला बसू देतो. पुष्पावती नावाची मुलगी आहे, माझ्यासारखंच नाक आहे तिचं. मला दादा म्हणते.

पेट्रोल तिथं खरंच स्वस्त आहे. ते खोटं नव्हतं. पण तेवढ्यासाठी मी गेलो नसतो, हेही तू बरोबर ओळखलंस.

आजे, आता मुख्य गोष्ट. ती आजारी आहे. पोटात गाठ आहे. नगरच्या दवाखान्यात मीच जीपमधून आणलं होतं. डॉक्टरांनी तपासून घरी न्यायला सांगितलं. औषध लिहून दिलं तेही फक्त दुखणं दबावं म्हणून. तिला ठाऊक आहे. एकदाच तुला बघायचं म्हणते. मी तिला पिंपळदऱ्याला आणू का? नाहीतर तुला तिकडे नेऊ?

तू रागावशील हे धरून लिहिलं आहे.

गहिनीनाथ


पिंपळदरा
२२ डिसेंबर १९७३

चि. गहिनीनाथास,

रागावले न्हाई. राग यायला माणूस कोणीतरी लागावं लागतं.

रीत तुला ठाऊक नसंल तर ऐक. रांडमुंड बाईचा पाट लागतो तो रात्री लागतो, आणि ती घरातनं जाते ती मागच्या दारानं. पोर पहिल्या घराचं राहतं. ती बाई पुन्हा त्या उंबऱ्याला येत न्हाई. आली तर दोन्ही घरांचं हसं होतं. हे मी केलेलं न्हाई, माझ्या आधीपासनं हाय. लंका आता सहादेवाची बायको. तिचं दुखणं सहादेव बघंल, आणि तिच्या पोरीनं बघावं. माझ्याकडं आणायचं नाव काढू नको. मी तिकडं येईन हे तर डोक्यातनं काढून टाक. मी कोण म्हणून जाऊ? सासू म्हणून? कोणाची?

आणि तुझं सांगते. मालकाला कळलं तर जीपची चावी काढून घेईल. नोकरी गेली की ट्रकवर क्लीनर म्हणून फिर मग, तिथं सगळ्या वाटा लांबच्याच असतात. आडवाट सोड आणि घाटानं सरळ जा.

पोट कुठल्या अंगाला दुखतं, डाव्या का उजव्या? खाल्लेलं पोटात ठरतं का? भाकर नको देऊ म्हणावं, ज्वारीची पेज द्या, पातळ, मीठ टाकून. ती पेज लंकाला आमच्या घरात पोरवयात आली तवापासनं आवडत न्हाई, नाक मुरडते. तरी पाजायची.

गोजरबाई


सावेडी
४ जानेवारी १९७४

ती. आजीस,

तू सांगितल्यावर मी दोन खेपा घाटाने सरळ आलो. मालकांनीही आता वही घातली आहे, जीप किती चालली आणि पेट्रोल किती पडलं ते रोज बघतात. म्हणून गेल्या रविवारी एस.टी.ने खडकवाडीला गेलो. शेवगावला गाडी बदलली आणि फाट्यावरून चालत गेलो.

पेज पितेय. "आत्याबाईंनी सांगितलंय" म्हटल्यावर नाक मुरडलं आणि वाटी संपवली. अजून तुला आत्याबाई म्हणते. सहादेवतात्यांच्या आईला तिनं कधी आत्याबाई म्हटलं नाही, 'सासूबाई' म्हणायची, असं पुष्पा सांगत होती.

आजे, तू मला रीत लिहिलीस, पण एक गोष्ट लिहिली नाहीस. ती तिनं सांगितली. मी आजवर समजत होतो की तू तिला घरातून घालवलंस. लहानपणी त्यावरून मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नव्हतो, आठवतं का? ती म्हणाली, "आत्याबाईंनी मला घालवलं न्हाई रे, सोडलं." वडील गेल्यावर भाऊकीनं तिला म्हाताऱ्या चुलत दिराच्या घरात द्यायचं ठरवलं होतं, त्याला बायको होती तरी. तूच तिच्या भावाला निरोप धाडलास. तूच गाठोडं बांधलंस आणि गाडीपर्यंत आलीस. म्हणालीस, "पोरगं मी सांभाळते. तू मागं वळून बघू नको. बघितलंस तर तुझं तिकडचं घर बसायचं न्हाई आणि ह्याचं इथलं पण." ती म्हणाली, "म्हणून मी बघितलं न्हाई. आत्याबाईंना सांग, मी शब्द पाळला."

आता तिचं मागणं. मामा दुष्काळाच्या साली वारला. मामीनं सगळं विकलं आणि पोरांना घेऊन ती सुरतेला गेली. माहेर म्हणायला कुणी उरलेलं नाही. आई म्हणते, "मी अहेवपणी चालले, कुंकू घेऊन, त्याचं मला काही न्हाई. पण अहेव बाईच्या अंगावर शेवटाला माहेरचं लुगडं पडतं. माझ्यावर कोण घालील? विकतचं घातलं तर बाया म्हणतील, हिला कोणीच नव्हतं." मग वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आत्याबाई घालतील का, विचारशील? मला माहेर त्यांनीच दाखवलं हुतं, गाडीत बसवून."

मला ठाऊक आहे, असं कुठं होत नाही. सासर माहेर होत नाही. तरी तिनं विचारायला सांगितलं म्हणून विचारतो. डॉक्टर म्हणाले, महिना काढेल.

गहिनीनाथ


पिंपळदरा
१७ जानेवारी १९७४

चि. गहिनीस,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला वेळ लागला कारण संक्रांत हुती आणि शेळी व्याली. दुसरं काही कारण न्हाई.

ती बाई लहान असल्यापासनं बडबडी. जे बोलायचं न्हाई ते बोलून बसली. गाडीपर्यंत गेले हुते, त्यात काय मोठं. अंधार हुता, वाट खराब, बैल नवीन.

काल पाथर्डीच्या बाजारात गेले. हिरवं लुगडं घेतलं, नऊवारी, काठ बरा हाय. दुकानदार म्हणाला, आजी, नातसुनेला काय? मी म्हणलं, तू कापड मोज, नातं मोजू नको. त्यानं स्वस्तातलं पुढं टाकलं, ते मी पायानं सरकवलं. सगळीकडं स्वस्त बघत बसायचं नसतं.

कारभाऱ्याच्या बायकोनं पिशवीत डोकावून बघितलं. म्हणाली, असं कुठं असतं का गोजरबाई, लोक काय म्हणतील? मी म्हणलं, लोकांनी माझ्या दारात येऊन म्हणावं, मी घरीच असते.

सत्तावीस तारखेच्या रविवारी जीप घेऊन ये. मालकाला सांग आजी आजारी हाय. माझ्या नावानं खोटं बोललास तर चालंल, मला आता कशानं काही होत न्हाई. सकाळी निघू आणि दुपारपर्यंत तिथं पोचू.

आणि एक सांगते. तिला आधी काही कळवू नको. लुगडं घेतलं, मी येणार हाय, यातलं अवाक्षर काढू नको. ह्या गोष्टी निरोपानं सांगायच्या नसतात. तुझं माहेर मी, असं मी तिच्यापुढं बसून माझ्या तोंडानं सांगणार हाय. तवर तिला माझ्यावर चिडलेली राहू दे. चिडलेलं माणूस तग धरतं.

गोजरबाई


सावेडी
२ फेब्रुवारी १९७४

ती. आजीस,

हे पत्र कसं सुरू करावं ते कळत नाही म्हणून तसंच लिहितो.

तुला घरी सोडून मी रात्रीच नगरला आलो, त्यानंतर आपण धड बोललोच नाही. परत येताना जीपमध्ये तू पूर्ण वाट ते लुगडं मांडीवर धरून बसली होतीस. मी बोललो असतो तर मला रडू आलं असतं.

मालकांनी चावी काढून घेतली. जीप दिवसभर त्या ओढ्यात बेवारशी उभी होती हे त्यांना कुणीतरी कळवलं. खोली महिनाअखेर सोडायची आहे. त्याचं मला दुःख नाही.

दुःख याचं आहे की मी पाथर्डीलाच पेट्रोल भरायला हवं होतं. टाकीत कमी आहे हे मला ठाऊक होतं. नेहमी त्या फाट्यावर भरायची सवय, तिथवर पुरेल असं धरून चाललो. पुरलंही. पण पंपावर साठा नाही अशी पाटी. टँकर तीन दिवस आलेला नव्हता. शेवगावला परत फिरावं तर तेवढंही टाकीत नव्हतं. तरी मी गाडीवाटेवर जीप घातली, वाटलं हाकेच्या अंतरावर तर आहे, आणि ती ओढ्याच्या वाळूत रुतून बंद पडली. चिंच समोर दिसत होती आणि तुझे पाय चालत नव्हते. मी बैलगाडी शोधायला मागे फाट्याकडे धावलो, त्यात सगळी दुपार गेली. तू तोवर ओढ्यातून एकटी चालत निघाली होतीस.

आपण संध्याकाळी पोचलो तेव्हा पुरुष माणसं मसणवाटेतून परत येऊन आंघोळी करत होती. सहादेवतात्या म्हणाले, "दुपार कलली तेव्हाच गेली. माहेरचं कोणी यायचं न्हवतं म्हणून थांबलो न्हाई. लुगडं दुकानातनं आणलं." ते चुकीचं काही बोलले नाहीत. त्यांना आपण कळवलंच नव्हतं. जीपही त्यांनीच बैल लावून वाळूतून काढून दिली आणि शेवगावहून डबाभर पेट्रोल आणवलं.

राख सावडायला मी पुन्हा गेलो होतो. केस काढायला बसलो तर त्यांची भाऊकी म्हणाली, तू ह्या कुळाचा नाहीस, तुला सुतक नाही. मी उठलो. पुष्पा मला गोठ्याकडे घेऊन गेली. म्हणाली, त्या दिवशी सकाळी आईनं दोनदा विचारलं, "आज रविवार ना? गहिनी यायचा वार. आत्याबाई काही म्हणाल्या का ते तो सांगंल." तू सांगू नकोस म्हणालीस म्हणून त्याच्या आदल्या खेपेला मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. विचारलं तरी म्हणालो, अजून उत्तर आलं नाही. आई म्हणाली, "न्हाईच म्हणतील. त्यांचं पण बरोबर हाय."

आजे, मी तेव्हाच सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

दहावा मंगळवारी आहे. मला जायचं आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही.

गहिनीनाथ


पिंपळदरा
८ फेब्रुवारी १९७४

चि. गहिनीनाथास,

आशीर्वाद. दहाव्याला तू आला न्हाईस ते मी बघितलं. मी गेल्ते. एस.टी.नं गेले, शेवगावला बदलून. कंडक्टरनं पिशवीचं तिकीट मागितलं, त्याच्याशी भांडण केलं, त्यानं जरा बरं वाटलं.

आधी तुझ्या पत्राचं. पाथर्डीच्या पंपावर तू जीप लावली हुतीस. त्या माणसानं नळी हातात घेतली हुती. मी म्हणलं, इथं कशाला महागाचं घेतोस, पुढं स्वस्त मिळतंय म्हणतोस ना? तू म्हणालास, आजे, आज असू दे. मी म्हणलं, पैसे वर आलेत का, चल. सगळा हिवाळा त्या पंपावरनं तुला बोलले, आणि नेमकं त्या दिवशी तुझं ऐकलं. आता तू पत्रात ते सगळं तुझ्या अंगावर ओढून घेतलंस. तसं करू नको. खोटं बोलायला तुला कधीच जमलं न्हाई.

सांगू नको म्हणाले ते पण मीच. मला माझ्या तोंडानं सांगायचं हुतं. कोणाला काय द्यायचं ते आपल्या हातानं, आपल्या वेळेला, अशी माझी खोड. तू तुझ्या आजीचं ऐकलंस. दुसरं काय करणार हुतास.

रडून झालं असलं तर पुढचं वाच.

नदीवर सगळं उरकलं. मग घरी दुखवटा द्यायला माणसं बसली. सोयऱ्यांनी टोप्या, उपरणी आणलेली. सहादेव पाटावर खाली मान घालून बसला हुता. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं पुकारलं, "पहिला मान माहेरचा. माहेरचं कोण हाय?" कोणी हाललं न्हाई. बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. एक हळूच म्हणाली, भाऊ मेला, भावजय देशोधडीला, कोण असणार. म्हातारा म्हणाला, "मग राहू द्या, दुसऱ्यांनी घ्या."

मी भिंतीशी बसले हुते. गुडघ्यावर हात देऊन उठले. म्हणलं, "मी हाय. लंकाच्या माहेरची."

म्हातारा म्हणाला, "तुम्ही कोण, बाई?" मी म्हणलं, "पिंपळदऱ्याची गोजरबाई. पहिल्या घरची सासू." तो म्हणाला, "मग माहेर कसं?" मी म्हणलं, "तिला गाडीत बसवून तुमच्याकडं कोणी धाडलं? लेकीला माहेरच धाडतं. सासर धाडत न्हाई, सासर कोंडून घालतं." म्हाताऱ्याच्या मागं एक बाई पदर तोंडाला लावून बसली.

मी टोपी नेली हुती. सहादेवाच्या डोक्यावर घातली. ज्या माणसाच्या घरात माझ्या पोराची बायको गेली त्याच्या डोक्याला माझा हात लागला, आणि मला काही वाटलं न्हाई. डोकं नुसतं गरम हुतं, ताप हुता त्याला. पोरीला सांगून आले, काढा दे म्हणून. तो म्हणाला, "आत्याबाई, ती शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत हुती." मी म्हणलं, तू मला आत्याबाई म्हणू नको, शोभत न्हाई. मग म्हणलं, म्हण.

हे सगळं मी त्या भरल्या घरात मोठ्यानं बोलले. जिला ऐकवायचं हुतं ती सोडून सगळ्यांनी ऐकलं.

तू आता ऐक. खोली सोड आणि इथं ये. कारभाऱ्याचा भाचा म्हणतो त्याच्या ट्रकमालकाला ड्रायव्हर पाहिजे. सुतक कोणाला असतं कोणाला न्हाई ते भाऊकीला ठरवू दे, तू आलास की मी न्हाव्याला बोलावते. आपल्या दारात कोण काय म्हणतं ते बघते.

लुगडं घेऊन गेले हुते. दुकानात परत देता येत न्हाई, घरात ठेवायला मन होईना. निघताना पुष्पाच्या हातात दिलं. तिथल्या बाया म्हणाल्या, मेलेल्या बाईच्या नावचं हाय, पोरीला कशाला? मी म्हणलं, तिच्या अंगावर चढलंच न्हाई तर तिच्या नावचं कसलं. पोरगी म्हणाली, "लग्नाला ठेवते, आजी." मी म्हणलं, ठेवू नको. आज नेस. शेतात नेस, पाण्याला नेस, फाटू दे. ठेवून ठेवून काय झालं ते मी बघून आले.

ती लुगडं घेऊन दाराआड गेली. मी एस.टी. चुकंल म्हणून घाई करत हुते. ती बाहेर आली तर नऊवारीच्या निऱ्या उलट्या घातलेल्या. आई नसलेल्या पोरीला कोण शिकवणार. मी पिशवी खाली ठेवली, तिला भिंतीकडं तोंड करून उभी केली आणि पहिल्यापासनं नेसवलं. गाडी चुकली. रात्री तिथंच राहिले.

गोजरबाई